अण्णांचं अडीच फुटी पाऊल

आमच्या अण्णांच्या मते, त्यांच्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अख्खं नागाव बहिरं झालं. आधी त्यांची बायको, म्हणजे काकू, मग मी, मग पोस्टमन, मग देवळातला गुरव आणि सगळ्यात शेवटी म्हैस. म्हशीचं त्यांना विशेष वाईट वाटलं, कारण ती आधी फार ऐकायची. या साथीचं कारणही त्यांनी शोधून ठेवलं होतं. रेवसच्या धक्क्याला मुंबईची लाँच लागते, तिचा भोंगा! रेवस आमच्यापासून कोसांवर. तिथला भोंगा इथे कसा ऐकू येईल, असं मी एकदा विचारलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही ना?" अण्णा म्हणाले. "मग मी दुसरं काय म्हणतोय?"

हेसुद्धा ते इतक्या हळू म्हणाले की मला दोनदा विचारावं लागलं. त्यांनी काकूंकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हा मी नागावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले आणि अण्णांच्या घराची कडेची खोली भाड्याने घेतली. अण्णा सरकारी मोजणीदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. सबंध कुलाबा जिल्हा त्यांनी साखळीने मोजला होता. पण साखळीवर त्यांचा विश्वास नव्हता. साखळी उन्हाने वाढते, गंजते, गडी ती ढिली धरतो. पाऊल तसं नाही. अण्णांचं पाऊल अडीच फूट. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही. तिशीत पडलं तसंच पन्नाशीत पडणार, चढावर पडलं तसंच उतारावर पडणार.

त्यामुळे त्यांच्या घरात सगळ्या गोष्टी पावलांत असत. विहीर बेचाळीस. समुद्र सहाशे अकरा, ओहोटी असेल तर सातशेच्या घरात. काकूंचं माहेर चौल. ते कुठे आहे असं कुणी विचारलं तर अण्णा पावलांचा चार आकडी हिशोब सांगत आणि पुढे जोडत, "पण सासरेबुवा एकदाही एक पाऊल पुढे आले नाहीत." काकू आतून म्हणत, "हुंडा नको म्हणून तुम्हीच दहा पावलं मागे गेलात, ते सांगा." यावर अण्णा खूष होत. त्या घरातलं भांडण असं चालायचं, आणि मला एकटीला ते ऐकायची इतकी सवय झाली की सुट्टीत आईकडे गेले तर करमायचं नाही.

त्यांचा मोठा तोरा वेगळाच होता. ते डोळे मिटून मोजत. अंगणात कुणी नवा माणूस आला की अण्णा डोळे मिटायचे, दहा पावलं चालायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "मोज." माणूस फूटपट्टी घेऊन गुडघ्यांवर रांगायचा आणि पंचवीस फूट भरायचे. "पाऊल केवढं पडलं हे बघायला डोळे कशाला?" अण्णा विचारायचे. "आपल्याला आतून कळतं." तो 'आतून' शब्द उच्चारताना ते छातीवर बोट ठेवत. जणू तिथे पितळी मोजपट्टीच बसवलेली होती.

म्हणून गावात भाऊवाटणी असो की कुंपणाचा तंटा असो, अलिबागच्या कचेरीत अर्ज करून सहा महिने वाट बघण्याऐवजी लोक अण्णांना बोलवत. अण्णा चालत, आकडा सांगत, दगड पुरला जाई आणि विषय संपे. "अण्णांचं पाऊल पडलं" म्हणजे देवाने कौल दिला. एक पैसा घेत नसत. चहा घेत, तोही दोन्ही बाजूंचा, म्हणजे पक्षपात नको.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. अण्णांचा आला तोच मुंगीच्या पावलांनी. त्यामुळे तो आलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आवाज उतरला तर गाव बहिरं झालं. अक्षर बारीक झालं तर सरकारने पोस्टकार्डं मोठी केली. त्यांच्या लेकीने पुण्याहून उलट टपाली लिहिलं, "अण्णा, कार्ड मिळालं. पत्ता आहे, मजकूर नाही, मध्ये एक मुंग्यांची रांग आहे. सगळे बरे आहात ना?" अण्णा म्हणाले, "पोरीला चष्मा लागला." उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहत, तंबाखू मळल्यासारखी. अण्णांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. पण रस्त्यात भेटलेली माणसं अगत्याने चुन्याची डबी पुढे करत. अण्णांना वाटे, गाव बहिरं झालं ते झालं, आता वेडंही होतंय.

आणि विहीर लांब गेली. एके दिवशी ती एकोणसाठ पावलं भरली. अण्णा काठावर उभे राहून आत वाकून बघत होते, जणू ती हळूच सरकताना तिला पकडायचं होतं.

"नाचता येईना अंगण वाकडं," काकू म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"ऐकू येत नाही का?" काकू म्हणाल्या, आणि मी तोंडात पदर कोंबून खोलीत पळाले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. पण तेव्हा हसले हे खरं.

अशा दिवसांत विठ्ठल आणि नामदेव या दोघा भावांची वाटणी आली. त्यांची नारळी-पोफळीची वाडी आमच्या घराला लागूनच होती. अण्णांनीच ती पूर्वी मोजलेली. रुंदी अठ्ठेचाळीस पावलं. थोरल्या विठ्ठलने पूर्वेकडची बाजू घ्यायची, धाकट्या नामाने पश्चिमेकडची. अण्णा पूर्वेच्या कुंपणाला पाठ लावून उभे राहिले, डोळे मिटले आणि चोवीस पावलं चालले. टुकूटुकू, भरभर, थोडे पुढे झुकून. थांबले. "इथे," म्हणाले. नामाने दगड पुरला. मी शाळेला निघाले होते, कुंपणापाशी थांबून बघत होते. मला वाटलं, आज अण्णांना घाई आहे.

चार दिवसांनी विठ्ठल आमच्या ओटीवर येऊन बसला. आडदांड, पण मुलखाचा लाजरा माणूस. बराच वेळ टोपी फिरवत बसला.

"अण्णा, पोफळीच्या रांगा अठरा हायत."

"बरं मग?"

"माज्या बाजूला सात आल्या. नामाच्या अकरा."

कुणालाही वाटेल, सात आणि अकरा म्हटल्यावर दगड चुकलाय. पण नागावात कुणालाच तसं वाटलं नाही. झाडं डोळ्यांसमोर उभी होती, पोरंटोरं मोजू शकली असती. पण अण्णांचं पाऊल चुकणं शक्य नव्हतं, तेव्हा चूक झाडांची होती. खुद्द विठ्ठलला वाटत होतं की आपल्या मोजण्यात काहीतरी खोट आहे. तो तीनदा मोजून आला होता.

"तुझ्या आज्याने झाडं दाटीवाटीने लावली नामाकडे," अण्णा म्हणाले. "त्याला मी काय करू? जमीन समान आहे."

ओटीवर आणखी चार माणसं होती, ती हसली. विठ्ठल उठला. हळूहळू गावात त्याची चेष्टा व्हायला लागली. जो भेटेल तो विचारायचा, "काय विठोबा, झाडं आली का चालत परत?" नामा काही बोलायचा नाही, नुसता अकरा रांगांतून शीळ घालत हिंडायचा. दोघांच्या बायकांनी विहिरीचा दोर वेगळा केला. मग कळलं, विठ्ठल घर बंद करून मुंबईला गोदीत कामाला जायचं म्हणतोय. सात रांगांवर पोट भरत नाही, आणि भावाच्या तोंडाकडे बघत जगवत नाही.

इकडे अण्णांचं सगळं लक्ष काकूंच्या कानांवर. शेवटी एके रविवारी त्यांनी टांगा ठरवला आणि काकूंना कान तपासायला अलिबागला नेलं. "बाई, तुम्हीही चला," मला म्हणाले, "तुमचेही दाखवून घेऊ."

डॉक्टर हाडकुळे, वयस्कर, आणि त्यांना मुळीच घाई नव्हती. त्यांनी काकूंच्या कानात बघितलं, घड्याळ धरलं, पाठीमागे जाऊन पुटपुटले. काकूंनी घड्याळाची टिकटिक सांगितली, पुटपुटणं सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "आत तुमचा कंपाउंडर शेंगदाणे खातोय, तेही येतंय." आतलं चावणं एकदम थांबलं.

"यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "आता तुम्ही जरा बाहेरून आत या बघू."

अण्णा बाहेर गेले खरे, पण परत येताना उंबरठ्याशी अडकले. पाय जमिनीला खिळल्यासारखे. वरचं अंग आत यायला बघतंय आणि पाय बाहेर. "दार अरुंद आहे तुमचं," ते म्हणाले. मग डॉक्टरांनी त्यांना खोलीच्या एका टोकाला खुर्चीपाशी उभं केलं आणि डोळे मिटून पाच पावलं चालायला सांगितलं. अण्णांच्या चेहऱ्यावर तेज आलं. हा तर त्यांचा प्रांत! चालले, थांबले आणि म्हणाले, "साडेबारा फूट."

"आता डोळे उघडा."

अण्णांनी डोळे उघडले. जिथून निघाले ती खुर्ची हात लांबवला तर लागली असती.

"खुर्ची कुणी हलवली?" अण्णा म्हणाले.

 काकूंनी माझा हात घट्ट धरला होता.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. कंपवात. अण्णा म्हणाले, माझा हात कापत नाही. डॉक्टरांनी नुसतं त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. मग समजावून सांगितलं, आणि ते मला अजून आठवतं, कारण इतकं सोपं करून सांगणारा डॉक्टर मला पुन्हा भेटला नाही.

"अण्णा, पाय केवढा हलला याची बातमी पाय मेंदूला कळवतो. तुमचा मेंदू ती बातमी चुकीची वाचतो. पाय हलतो वीतभर, मेंदू समजतो हातभर झालं, बस. आवाज निघतो थेंबभर, मेंदू समजतो ओरडलो. अक्षराचं तेच. म्हणून तुम्हाला आतून सगळं बरोबर वाटतं आणि बाहेरचं जग चुकलेलं दिसतं. पुस्तकांत हे असं लिहिलेलं नाही; तुमच्यासारखे रोगी बघून मी म्हणतोय."

"उपाय?"

"गोळ्या देतो. थोडा फरक पडेल, तोंड कोरडं होईल. बाकी एकच. आतून येणाऱ्या मापावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांनी बघा. आणि बोलताना इतकं मोठ्याने बोला की तुमची तुम्हालाच लाज वाटेल. तेव्हा कुठे ते समोरच्याला बेताचं ऐकू येईल."

परतीच्या वाटेवर अण्णा आपल्या अंगठ्याकडे बघत बसले. टांगेवाल्याने दोनदा चुना विचारला. आक्षी गाव मागे पडल्यावर अण्णांचे ओठ हलले. मला काहीच कळलं नाही, काकूंना कळलं. त्यांनी मला सांगितलं, "विठ्ठलाचा दगड म्हणतायत."

त्यानंतर पंधरा दिवस अण्णा घराबाहेर पडले नाहीत. काकू म्हणत, जा, सांगून टाका. अण्णा म्हणत, काय सांगू? तीस वर्षं ज्यावर लोकांनी दगड पुरले ते खोटं होतं म्हणून सांगू? "जुने दगड नाही हो, हा एक," काकू म्हणत. पण एक चुकला म्हटल्यावर उद्या सगळे दगड उपटले जातील, ही अण्णांना धास्ती. आणि त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली. "बाई, मला अजूनसुद्धा ते चोवीस पूर्ण वाटतात हो. आत्ता चाललो तरी वाटतात. जे खोटं वाटतच नाही ते खोटं आहे म्हणून सांगायचं कसं?" 

तोडगा काढला पापडांनी. काकूंनी पोह्याचे पापड लाटले आणि वाळत घातले. अंगणात नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप ओळीने आडवे टाकले होते, मध्ये थोडी थोडी जागा सोडून, आणि झापांवर पापड. अण्णा ओटीवरून उतरले. रोजचं अंगण ओलांडायला त्यांना एक कप चहा निवेल इतका वेळ लागायचा. काकू ओरडल्या, "अहो, पापड!" अण्णांनी खाली बघितलं, पाय उचलला आणि पहिला झाप ओलांडला. मग दुसरा. मग तिसरा. ताडताड, ताठ मानेने, कवायतीत चालल्यासारखे फाटकापर्यंत गेले. एक पापड मोडला नाही. फाटकापाशी झाप संपले आणि अण्णा जागच्या जागी खिळले.

"परत या," काकू म्हणाल्या. अण्णा वळता वळेनात. पण एकदा वळल्यावर तसेच ताडताड परत आले. मग दोघं माझ्याकडे बघायला लागली, जणू यातलं गणित मास्तरणीला यायलाच हवं. मी एवढंच म्हटलं, "आतून नको, डोळ्यांनी, असं डॉक्टर म्हणाले होते ना?"

त्या दिवशी आमच्याकडे पाचदा पापड वाळत घातले गेले.

पुढच्या रविवारी काकूंनीच गावाला निरोप धाडला, की अण्णा पुन्हा मोजणार. वाडीत पन्नास-साठ माणसं जमली. शाळेची फळ्यावर रेघा मारायची लांब पट्टी माझ्याकडून मागून घेतली होती. त्या पट्टीने मोजून पूर्वेच्या कुंपणापासून दर अडीच फुटांवर पोफळीच्या चिरलेल्या खोडाची एकेक रीप आडवी ठेवली होती. चोवीस रिपा. मला राहवेना. मी म्हटलं, "रिपा मोजूनच ठेवल्यात, तर शेवटच्या रिपेला दगड पुरा की! अण्णांना कशाला चालवता?"

एक म्हातारा माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत म्हणाला, "बाई, रीप उद्या साक्षीला उभी ऱ्हाईल काय?"

मी बाजूला झाले.

अण्णा पहिल्या रिपेपाशी उभे राहिले. स्वच्छ धोतर, काळी टोपी. बोलायला लागले. ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली होती. आणि आम्हाला ऐकू येत होते फक्त कावळे.

"काय म्हणताव अण्णा?" मागून कुणीतरी विचारलं.

नामा पुढेच उभा होता. तो वळून मोठ्याने म्हणाला, "अण्णा म्हणतायत, दगड हाय तो बरोबर हाय!"

लोक हसले, काही जायलाही निघाले. विठ्ठल खाली मान घालून उभा होता. अण्णांनी ते ऐकलं. त्यांचे कान शाबूत होते. चेहरा लाल झाला. ते पुन्हा बोलले. या वेळी जवळच्या दोघांना 'पाऊल' एवढा शब्द कळला.

काकू गर्दीतून पुढे आल्या. चारचौघांत नवऱ्याशी कधी न बोलणारी ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, ऐकू येत नाही. लाज वाटेल एवढं मोठ्याने."

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस घरी जाणार. नाही गेला. छाती भरून श्वास घेतला, डोळे गच्च मिटले, मुठी वळल्या आणि आगीची बोंब ठोकावी तसे ओरडले.

"मी चुकलो! माझं पाऊल चुकलं! विठ्ठल खरं बोलत होता!"

आता ते सगळ्या वाडीला ऐकू आलं. फार मोठं नाही, चारचौघं बोलतात तेवढंच. पण अण्णांना ते केवढं वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भर देवळात नेसूचं सुटावं तसे ते शरमले होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं. मी शाळेत पोरांना इतकी वर्षं खरं बोलायला शिकवत होते, पण खरं बोलायला एवढी ताकद लागते हे मला त्या दिवशी कळलं.

कुणी हसलं नाही. विठ्ठल हलक्या आवाजात म्हणाला, "असू द्या अण्णा, येवढं वरडू नका. घसा दुखंल."

मग अण्णा चालले. मान खाली, नजर रिपांवर, एकेक रीप ओलांडत. माणसं मोठ्याने आकडे म्हणत होती, बायकापोरंसुद्धा. चोविसाव्या रिपेपाशी ते थांबले तेव्हा पाठीमागे नऊ रांगा होत्या आणि पुढे नऊ. जुना दगड बारा फूट मागे राहिला होता. तो कुणी उपटायचा म्हणून सगळे नामाकडे बघायला लागले. नामाने इकडेतिकडे बघितलं, कपाळाचा घाम पुसला, पहार घेतली आणि दगड उपटून आणला. भावासमोर तो टाकत म्हणाला, "घे. मला काय म्हायत, अण्णांचं पाऊल म्हनून गप ऱ्हायलो." ते अर्धं खोटं होतं. विठ्ठलने अर्धं खरं होतं तेवढं घेतलं आणि दगड नव्या जागी पुरला. चहा मात्र अण्णांनी दोन्ही घरचा घेतला. काकूंनी कप धरला, कारण बशीत सांडत होता.

जुने दगड कुणीही उपटले नाहीत. उलट गाव म्हणायला लागलं, चुकला तर स्वतः सांगेल असा मोजणीदार आहे, मग बाकीचे बरोबरच असणार. विठ्ठल गोदीत गेला नाही. बायकांचा दोर मात्र वेगळाच राहिला. तिथे अण्णांचं काही चाललं नाही.

वर्षभराने माझी पेणला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी समुद्रावर गेले. ओहोटी होती. लांबवर काकू आणि अण्णा दिसले. काकू लुगड्याचा ओचा खोचून पुढे उलट्या चालत होत्या आणि छत्रीच्या टोकाने ओल्या वाळूत आडव्या रेघा ओढत होत्या. अण्णा त्या एकेक ओलांडत येत होते. मी हात हलवला. काकूंनी त्यांना काहीतरी सांगितलं. अण्णा थांबले आणि त्यांनी मला हात केला. तो कमरेच्या वर आलाच नाही. त्यांना वाटलं असणार, चांगला उंच केला आहे.

मी वळणार, एवढ्यात त्यांनी मान खाली करून स्वतःच्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याच्यावरची नजर न काढता तो वर नेला. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, टोपीपर्यंत, आणि टोपीच्याही वर.

काकू समोरून त्यांना ओरडून सांगत होत्या, "अजून. अजून. हां, आता दिसतोय त्यांना."